इंधन कोणते आणि आच किती?

निपाणीकडील गुऱ्हाळावर गुळव्याचे लक्ष दोन गोष्टींवर खिळलेले असते: चुलवाणात काय जळते आहे आणि काहिलीला आच किती लागते आहे. जेथे ज्योत मुळीच दिसत नाही, त्या इंधन-घटालाही, म्हणजे फ्युएल सेललाही, हेच दोन प्रश्न सोडवावे लागतात.

इंधन-घटात हायड्रोजन व हवेतील प्राणवायू यांचा संयोग जळण्याविना घडतो आणि त्यातून वीज, उष्णता व पाणी मिळते. विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञाने १८३९ साली हे तत्त्व प्रयोगाने दाखविले. पुढे घटांचे अनेक प्रकार निघाले. त्यांतील मुख्य भेद उष्णतेचा होय.

पातळ पडद्याचा घट ऐंशी अंशांच्या आतच चालतो, कारण पडदा ओला राहावा लागतो. एवढ्या मंद उष्णतेत क्रिया घडविण्यास प्लॅटिनम लागते; आणि इंधनात दहा लाख भागांत दहा भाग कार्बन मोनॉक्साइड असला, तरी तो प्लॅटिनमला चिकटून घट मंदावतो. म्हणून येथे अतिशुद्ध हायड्रोजनच हवा. मात्र हा घट झटपट सुरू होतो. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व केपीआयटी यांनी २०२० साली ज्या घटावर मोटार चालवून पाहिली, तो ६५ ते ७५ अंशांवर चालणारा होता. अंबरनाथच्या नौदल सामग्री प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फरिक आम्लाचा घट निवडला. अशा घटाची उष्णता १५० ते २०० अंश असते, आणि तो थोडी अशुद्धता सोसतो.

याच्या दुसऱ्या टोकाला चिनीमातीसारख्या कठीण द्रव्याचा घट आहे. तो ६०० ते १००० अंशांवर तापतो. त्याला प्लॅटिनम नको. कार्बन मोनॉक्साइड तर त्याचे खाद्यच होते. परंतु तो सावकाश तापतो, आणि वारंवार थंड केल्यास त्याला तडे जाण्याचे भय असते.

आता वेदगंगा-दूधगंगेच्या काठाकडे पाहावे. येथील धन ऊस. बेळगाव जिल्ह्यातील पुष्कळ कारखाने इथेनॉल काढतात. आसवनीचे सांडपाणी कुजवून ज्वलनशील वायूही मिळविता येतो. ही दोन्ही इंधने कार्बनयुक्त, म्हणून थंड घटाला जशीच्या तशी न मानवणारी. उष्ण घटाला मात्र ती चालतात. निस्सान कंपनीने २०१६ साली ब्राझीलमध्ये इथेनॉलवर अशी मोटारही चालवून दाखविली. तथापि रात्रंदिवस एका जागी चालणारा कारखाना हेच उष्ण घटाचे खरे घर. तेथे विजेबरोबर निघणारी उष्णताही वाया जाणार नाही. त्या वायूतील गंधक आधी काढावे लागेल, कारण ते उष्ण घटालाही बाधते. आणि यंत्राची किंमतही आज भारी आहे.

म्हणूनच सीमाभागातील शेतकऱ्याने व कारखानदाराने नव्या यंत्राची कीर्ती ऐकताच त्याची वीज किती, एवढेच विचारून थांबू नये. त्याला कोणते इंधन पचते आणि ते किती आचेवर, हेही विचारावे. घरचे इंधन ज्या घटाला पचेल, तोच घट घरच्या उपयोगाचा.