ट्रॉलीच्या पोटाखालचे मीठ
(तिरोडा येथील बैठकीत केलेले भाषण)



तिरोडा हा धानाचा मुलूख. आम्ही काम करतो ते कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्यांत. पिके वेगळी, पण खत वाहणारी ट्रॉली दोघांची सारखीच. आज त्या ट्रॉलीच्या चेसिसबद्दल बोलायचे आहे.

बर्फाच्या देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावे म्हणून. त्या मिठाने तिथल्या ट्रकची चेसिस गंजते. आपल्या रस्त्यावर मीठ कोणी टाकत नाही. आपण ते पोत्यात भरून आणतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, खायच्या मिठाचा सख्खा भाऊ. त्यात जवळजवळ निम्मा भाग क्लोराइडचा. पोते फाटते, दाणे फटीतून चॅनलवर पडतात. हे मीठ पावसाळी हवेतली ओल ओढते, लोखंड ओलेच राहते आणि गंज भराभर वाढतो.

कृषी महाविद्यालयात आम्ही क्लोराइड शिकलो ते पिकापुरते. लोखंडाचा धडा एका ट्रॉलीने दिला. कापूस भरून जाताना हुकाजवळचा चॅनल तुटला. वरून रंग चकचकीत, आत नुसते पापुद्रे. माणसे वाचली. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले.

मग करायचे काय? खत उतरवले की त्याच दिवशी ट्रॉली झाडा, मग खालूनही गोड्या पाण्याने धुवा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या भावांनी विहिरीचे खारे पाणी वापरू नये. धुऊन उन्हात उभी करा. चॅनलमधला चिखल काढा, पाणी निघायची भोके मोकळी ठेवा.

उन्हाळ्यात तारेच्या ब्रशने गंज खरवडा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, वर ऑइल पेंट. वेल्डिंगने रंग जळतो, तिथे पुन्हा हात द्या. गंजावरच रंग मारणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. जळके ऑइल फासू नका. ते धूळ धरते, रबर खराब करते, शेतात गळते. हातोडीने ठोकून पाहा. पापुद्रा सुटला, आवाज बद्द आला, तर दुरुस्तीशिवाय भार घालू नका.

कापसाचा उत्पादन खर्च मांडताना आपण बियाणे, खत, मजुरी धरतो. ट्रॉलीची झीज धरतो का? कर्ज फिटण्याआधी लोखंड संपले, तर तो तोटा आपल्याच घरातून जातो. तेव्हा आज घरी गेल्यावर एकदा ट्रॉलीखाली वाकून पाहा.