अनुदानाचा धनादेश आणि कसणारा हात

शेतीला सरकारने अर्थसाहाय्य द्यावे की नाही, हा वाद जुना आहे. साहाय्य मंजूर झाल्यावर ते नेमके कोणाच्या हाती पडते, याची चर्चा मात्र त्या मानाने कमी होते. अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या पॉइन्सेट काउंटीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा, परंतु लोकसंख्येने बहुधा पुष्कळच लहान असा प्रशासकीय घटक होय.

महामंदीत कापसाचा भाव पौंडाला सोळा-सतरा सेंटवरून सहा सेंटांच्या आसपास कोसळला. तेव्हा १९३३ च्या कायद्यान्वये उत्पादन कमी करण्याबद्दल शेतकऱ्यांस पैसे देण्याचे ठरले. त्या उन्हाळ्यात सुमारे एक कोटी एकरांवरील उभा कापूस नांगरून टाकण्यात आला. पिकाच्या ओळीत पाय न टाकण्याची सवय लागलेली खेचरे नांगर ओढीनात, असे सांगतात!

पुढील दोन वर्षांसाठी झालेल्या करारात पौंडामागे साडेतीन सेंट पडीक ठेवलेल्या जमिनीचे भाडे आणि एक सेंट पूरक रक्कम होती. भाडे सर्वस्वी मालकाचे. अर्धेलीने कसणाऱ्याच्या वाट्याला पूरक रकमेचा निम्मा भाग, म्हणजे अर्धा सेंट येई; आणि तोही मालकाच्या हातून. पेरा घटल्यामुळे कुळांची गरजही घटली. कुळांची नेहमीची संख्या मालकाने कायम राखावी, असे कलम करारात होते. पण त्याला ‘शक्यतोवर’ हा शब्द जोडलेला होता. शासकीय मसुद्यातील एखादा शब्द किती घरे मोडू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

कुळे निघू लागली. जुलै १९३४ मध्ये याच काउंटीतील टायरोंझा गावी गोऱ्या आणि कृष्णवर्णी कुळांनी एकत्र येऊन संघटना स्थापिली. वर्णभेदाच्या त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. मालकाने केवळ संख्या नव्हे, तर तीच माणसे ठेवली पाहिजेत, असा अर्थ कृषी खात्यातील काही विधिज्ञांनी लावला. वरिष्ठांना तो मानवला नाही. फेब्रुवारी १९३५ मध्ये त्यांपैकी अनेकांना पद सोडावे लागले. संख्या तितकीच राहिली म्हणजे पुरे, हा अर्थ कायम झाला.

अंमलबजावणी स्थानिक समित्यांकडे होती आणि त्यांवर जमीनदारांचे वजन होते. शेतकऱ्यांनी निवडलेल्या काउंटी समित्या आजही आहेत. मात्र निवडणूक झाली म्हणजे न्याय झाला, असे नव्हे. कृष्णवर्णी शेतकऱ्यांनी कर्ज व साहाय्यातील भेदभावाविरुद्ध केलेल्या दाव्यात १९९९ साली तडजोड झाली आणि शासनाला एक अब्ज डॉलरांहून अधिक भरपाई द्यावी लागली. आता रोख खंडाने कसणाऱ्यास अनुदान स्वतःच्या नावे मिळते. तरी त्याचा काही भाग वाढीव खंडाच्या रूपाने मालकाकडे परततो, असे अर्थशास्त्रज्ञांना आढळले आहे.

भारतात २०१९ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान किसान सन्मान निधीचे वार्षिक ६,००० रुपये थेट बँक खात्यात जमा होतात, त्यामुळे मधला हात उरलेला नाही. परंतु पात्रता जमीनधारणेवर ठरते. सात-बारावर ज्याचे नाव नाही असा भूमिहीन वाटेकरी, दुसऱ्याचे शेत वर्षानुवर्षे कसत असला तरी, या यादीत येत नाही.