राजाची सदिच्छा आणि नागरिकाचा हक्क



इंग्लंडचा राजा आणि त्याची झाडेझुडपे यांच्याशी आपला काय संबंध, असे आपणांपैकी कोणी विचारील. परंतु राज्यकर्त्याच्या कानापर्यंत कोणाचा आवाज पोहोचतो आणि कोणाचा दारातच अडविला जातो, हा प्रश्न आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. राजे चार्ल्स यांच्या हकीकतीत तोच प्रश्न आहे.

प्रथम त्यांचे श्रेय त्यांस दिले पाहिजे. 1970 च्या फेब्रुवारीत, वयाच्या अवघ्या 21 व्या वर्षी, युवराज असताना त्यांनी वेल्समधील कार्डिफ येथे भाषण केले. समुद्रात मिसळणारी घाण, मोटारी व विमाने यांचा धूर, प्लॅस्टिकचा साचणारा कचरा यांविषयी त्यांनी इशारा दिला. त्या काळी अशा बोलण्याची गणना विक्षिप्तपणात होई. 1980 च्या दशकात त्यांनी हायग्रोव्ह येथील शेतीत रासायनिक खते वर्ज्य करण्यास आरंभ केला. आपण झाडांशी बोलतो, असे 1986 साली त्यांनी सांगितले तेव्हा तर वर्तमानपत्रांच्या विनोदास मोठेच खाद्य मिळाले. हसणाऱ्यांपेक्षा युवराजच शहाणे ठरले, हे मान्य करणे प्राप्त आहे. अर्थात, 1337 साली निर्माण झालेल्या कॉर्नवॉलच्या जहागिरीचे उत्पन्न युवराज असताना ज्याच्या पदरी होते, त्याला एखादे पीक बुडाल्याने उपाशी निजावे लागत नव्हते, हेही ध्यानी असू द्यावे.

परंतु ते केवळ भाषणे करून थांबले नाहीत. मंत्र्यांना ते खाजगी पत्रे लिहीत. त्या देशात माहितीच्या हक्काचा कायदा 2005 च्या जानेवारीत अमलात आला. आपला कायदाही त्याच वर्षाचा. लागलीच एका वार्ताहराने ही पत्रे मागितली. सरकारने नकार दिला. 2012 च्या सप्टेंबरात न्यायाधिकरणाने पत्रे उघड करण्याचा हुकूम दिला, तो पुढच्याच महिन्यात ॲटर्नी जनरल यांनी आपल्या अधिकारात रद्द ठरविला. कारण काय, तर पत्रे उघड झाल्यास भावी राजाच्या निःपक्षपातीपणास बाध येईल! पक्षपात करू नये असे न म्हणता तो दिसू नये असे म्हणणारी ही युक्तिवादाची तऱ्हा आम्हां वकिलांच्या कानांस अपरिचित नाही. 26 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा नकाराधिकार बेकायदा ठरविला आणि मे महिन्यात 27 पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांत मंत्र्यांची उत्तरेही होती.

एका पत्रात बेकायदा मासेमारीने बळी जाणाऱ्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याविषयी कळकळ होती. ती कोणासही पटेल. परंतु दुसऱ्या पत्रात, गुरांमधील क्षय रोखण्यासाठी बॅजर नावाचे रानटी प्राणी मारावेत, असा आग्रह प्रधानमंत्र्यांकडे धरला होता. या उपायास विरोध करणारे लोक त्या देशात पुष्कळ होते. आपल्या विरुद्ध बाजूने भावी राजा वकिली करीत आहे, याचा त्यांस पत्ताही नव्हता. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या विरोधकास कळलेच पाहिजे, हा कोणत्याही लहानशा कोर्टातही पाळला जाणारा नियम येथे मोडला गेला. वास्तविक राजपुत्र ज्याला अर्धे पान लिहून कळवितो, त्यासाठी सामान्य नागरिकास सह्या गोळा कराव्या लागतात, मोर्चे न्यावे लागतात. हेतू चांगला असला म्हणून हा भेद पुसला जात नाही.

2022 च्या सप्टेंबरात ते गादीवर आले. त्याच नोव्हेंबरात इजिप्तमध्ये भरलेल्या हवामान परिषदेस ते सरकारच्या सल्ल्यावरून गेले नाहीत. 2023 च्या डिसेंबरात दुबईच्या परिषदेत मात्र त्यांनी उघड व्यासपीठावरून भाषण केले. तेथे ज्याला उत्तर द्यावयाचे त्याला देता येते.

कायद्याची स्थिती मात्र चमत्कारिक आहे. दावा चालू असतानाच, 2011 साली, राजा व गादीचे पहिले दोन वारस यांच्या पत्रव्यवहारास माहितीच्या कायद्यातून पूर्ण सूट देण्यात आली. पर्यावरणविषयक माहितीसाठी 2004 चे निराळे नियम आहेत. त्यांत अशी सरसकट सूट नाही, लोकहित तोलूनच निर्णय द्यावा लागतो. म्हणजे राजाने शाळांविषयी मंत्र्यास पत्र लिहिले तर ते झाकलेले राहील. परंतु नदीविषयी लिहिले तर ते मागण्यास नागरिकास अद्याप जागा आहे.