वार्ताफलक आणि दिव्यांग विद्यार्थी

(शेवगाव येथील शिक्षण परिषदेत वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



परिपाठाच्या वेळी शाळेत बातम्या वाचल्या जातात आणि वार्ताफलकावर दोनचार ठळक ओळी लिहिल्या जातात. ज्या घरी वर्तमानपत्र येत नाही, त्या घरच्या मुलाचे वर्तमानपत्र हेच होय. परंतु ज्यास फलक दिसत नाही, अथवा वाचणाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, अशा मुलाच्या वाट्यास यातील काय येते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. समावेशित शिक्षणामुळे अशी मुले आता गावच्या शाळेतच इतरांच्या शेजारी बसतात. म्हणून तो विचारावयास हवा.

मोठ्या वृत्तपत्रसृष्टीची स्थितीही याहून फारशी निराळी नाही. मराठी पत्रकारितेस १८३२ च्या ‘दर्पण’पासूनची परंपरा आहे; पण दृष्टिहीनांना स्वतःच्या बोटांनी वाचता येईल असे ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक निघावयास १५ फेब्रुवारी २००८ हा दिवस उजाडावा लागला. ते सुरू करणारे श्री. स्वागत थोरात स्वतः डोळस असून, त्यांनी अंध कलावंतांना घेऊन नाटके बसविली होती. ब्रेलमध्ये ६ टिंबांच्या ६३ रचनांतून सारी लिपी उभी राहते. अक्षर उठावाचे असल्याने कागद जाड लागतो व जागाही पुष्कळ लागते. तरीही त्या खटाटोपाचे मोल मोठे आहे. दुसऱ्याने वाचून दाखविलेली बातमी ही त्याच्या सवडीची असते, आणि कोणती वाचावी व कोणती गाळावी हेही तोच ठरवितो.

आता भ्रमणध्वनी मजकूर मोठ्याने वाचून दाखवितो. मात्र कात्रणाचे छायाचित्र पाठविले, तर अनेकदा तो ‘चित्र’ एवढेच बोलून गप्प बसतो. शिक्षकांच्या व पालकांच्या गटांवर सूचना बहुधा अशा चित्ररूपानेच फिरतात! त्याखाली दोन ओळी टंकित केल्या, तर अंध पालकासही त्या कळतील.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले, आणि ध्वनी, मुद्रित व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात मिळावा, ही जबाबदारी शासनावर टाकली. दूरचित्रवाणीवर सांकेतिक भाषा व लिखित ओळी असाव्यात, हेही त्यात आले. मात्र ज्या कर्णबधिर मुलास वाचनच नीट शिकविले गेले नाही, त्याला पडद्यावरील ओळीही मुक्याच राहतात. ते काम शाळेचेच.

शब्दांचीही गोष्ट आहे. ३ डिसेंबरच्या जागतिक दिनी वर्तमानपत्रांत दिव्यांगांची रेलचेल असते. एरवी वर्षभर त्यांचे नाव नाही. जी बातमी येते, ती ‘बिचाऱ्या’ची तरी असते किंवा ‘अंधत्वावर मात’ करणाऱ्या वीराची तरी. त्या विद्यार्थ्यास लेखनिक वेळेवर मिळाला काय, ब्रेल पुस्तके कधी पोहोचली, परीक्षा केंद्राला उतरण होती काय, हे मात्र छापले जात नाही. खरी बातमी तर तीच. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निपुण मल्होत्रा प्रकरणात दृक्‌माध्यमांस हेच बजावले: ‘पीडित’, ‘ग्रस्त’ अशा अर्थाचे शब्द टाळावे आणि असामान्य शक्तीच्या कल्पनाही पसरवू नयेत.

परिपाठात अशी बातमी वाचताना वर्गातील एक मूल ती स्वतःविषयी ऐकत असते. तेव्हा ‘बिचारा’ गाळावा आणि लेखनिकाचा प्रश्न वर्गापुढे ठेवावा. बातमी वाचणाऱ्याने मुलांकडे तोंड करून, प्रकाश आपल्या चेहऱ्यावर पडेल असे उभे राहावे. म्हणजे ओठ दिसतील. चित्र असल्यास त्यात काय आहे ते सांगावे. वार्ताफलकावरील अक्षर ठळक, मोठे व सुटे असावे, आणि फलक चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलासही वाचता येईल इतक्या उंचीवर टांगावा.