लोहाराच्या मुलांची वीज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघालं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. इथला पहिला संच १९७० साली सुरू झाला. २१० मेगावॉटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेनं टर्बाइन फिरतं आणि फिरत्या चुंबकामुळे तारांच्या वेटोळ्यांत वीज निर्माण होते. यामागचं प्रवर्तनाचं तत्त्व १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी शोधलं. ते एका लोहाराचे चिरंजीव!

माझ्या भाच्यानं इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला इंडक्शन हीटरचा प्रोजेक्ट घेतला. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला समजेल असं त्यानं सांगितलं, ‘‘मामू, केंद्रात चुंबक फिरवून तारेत वीज आणतात. मी तारेतली वीज सेकंदाला लाखभर वेळा उलटसुलट पळवणार. मग मधल्या लोखंडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात आणि ते आपोआप तापतं. जाळ नाही, धूर नाही.’’

गटातल्या मुलांचं म्हणणं वेगळं होतं. बाजारात तयार प्रोजेक्ट मिळतो, सोबत बांधलेला अहवालही. घरात बहिणीला मार्कांची धास्ती. हा मात्र हटून बसला.

सर्किटमध्ये दोन मॉस्फेट आळीपाळीनं चालू-बंद व्हावे लागतात. दोन्ही एकाच वेळी चालू राहिले की जळालेच. असे चार जळाले. प्रत्येक वेळी खिशातले पैसे गेले, बोलणी खावी लागली ती वेगळीच. शेवटी कारण सापडलं. पुरवठ्याचा दाब हळूहळू चढत होता. आधी तो पूर्ण चढू द्यायचा आणि मग खटका दाबून एकदम सर्किटला द्यायचा, एवढंच करायचं होतं.

तांब्याची नळी वळवताना चपटी व्हायची. तिथे माझे मेहुणे पुढे आले. ते वेल्डर, वडील लोहारकाम करायचे. त्यांनी नळीत बारीक कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बंद केली आणि पाइपाभोवती नळी सावकाश गुंडाळली. एकही वेढा दबला नाही.

परीक्षेच्या दिवशी बोल्ट लालबुंद झाला. परीक्षकांनी विचारलं, ‘‘लाल झाल्यावर तापण्याचा वेग मंदावतो, का?’’ भाचा म्हणाला, ‘‘सर, सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंडाचं चुंबकत्व जातं. आमचे दादाजान पोलाद पाणी देण्याजोगं तापलं की नाही, ते चुंबक लावूनच बघायचे.’’ अहवालातल्या आभारांत प्राध्यापकांच्या नावांखाली अब्बांचं नाव आहे. विकत घेतलेल्या अहवालात ते कुठून आलं असतं?

भाच्याची एक गोष्ट मात्र मी दुरुस्त केली. धूर नाही असं कसं म्हणायचं? कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो. उरलेली उष्णता आणि सगळा धूर इथेच राहतो, एकलहऱ्याच्या आभाळात. शहरातल्या स्वयंपाकघरात इंडक्शनच्या शेगडीवर दूध उतू जातं, तेव्हा ओटा स्वच्छ असतो, भिंती पांढऱ्या असतात. त्या पांढरेपणाची किंमत कुठलं तरी गाव मोजत असतं. उष्णता हवीच, पण ती कुणाच्या अंगणातून आली, हेही मुलांना ठाऊक असायला हवं.