कोंबड्यांचें वय आणि खाद्य
(शेतकरी स्त्रीपुरुषांच्या सभेंत केलेलें भाषण)



पिल्लूं मेलें कीं आपण दृष्ट लागली म्हणतों. कोंबडीनें अंडीं देणें सोडलें कीं नशिबाला बोल लावतों. परंतु दोष पुष्कळदां दाण्याचा असतो. अंगणांत मूठभर जोंधळा फेंकला कीं पिल्लूं, तलंग व अंड्यावरची कोंबडी या सर्वांचें भागलें, अशी आपली समजूत. तान्ह्या मुलाला आपण भाकरी भरवितों काय?

पिल्लूं बाहेर येतें तेव्हां त्याच्या पोटांत बलकाचा अंश शिल्लक असतो. त्यावर तें दोन दिवस तग धरतें. म्हणून त्याला उपाशी ठेवावें असें नव्हे. अंग सुकतांच स्वच्छ पाणी व बारीक भरड द्यावी. पहिले 8 आठवडे खाद्याच्या 100 भागांत सुमारें 20 भाग प्रथिनें हवींत. नुसत्या मक्यांत किंवा जोंधळ्यांत तीं याच्या निम्मींच असतात. ही तूट शेंगदाण्याची अगर सोयाबीनची पेंड व बिनमिठाच्या सुकटीचा चुरा घालून भरून काढावी.

पुढें तलंगेला 16 भाग प्रथिनें पुरतात. कोंडा व हिरवा पाला द्यावा. मात्र अंड्यावरच्या कोंबडीचें खाद्य तिला घालूं नये. त्यांतील जादा कॅल्शियमनें तिचीं मूत्रपिंडें बिघडतात.

अंड्यावर आल्यावर मात्र तेंच कॅल्शियम हवें. एका टरफलांत तें सुमारें 2 ग्रॅम असतें. दाण्यांतून तेवढें मिळत नाहीं. मग कोंबडी तें आपल्या हाडांतून काढून देते, आणि शेवटीं टरफल पातळ होतें व कोंबडी बसते. याकरितां शिंपल्यांचा चुरा निराळ्या भांड्यांत सदैव ठेवावा. सुधारलेल्या जातीची कोंबडी दिवसाला सुमारें 110 ग्रॅम खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते.

आणखी एक इशारा. स्वस्त मिळाली म्हणून बुरसलेली पेंड घेऊं नका. 1960 सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. कारण शोधतां शेंगदाण्याच्या पेंडींतील बुरशीचें विष सांपडलें. त्यालाच अफ्लाटॉक्सिन म्हणतात.

अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हातचा असतो. त्यांतून मुलांच्या वह्या येतात. उरलेलें अंडें मुलांच्या ताटांत पडतें. तो पैसा दैवावर सोडूं नका. घरांत तीन डबे ठेवा, तीन वयांचें खाद्य वेगळें करा, आणि कोणतें कोणाचें हें घरांतील मुलींनाही शिकवा.