नाव लागलं, म्हणजे काय झालं?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला बजावलंय, "विषय तुमच्या आवडीचा घ्या, पण वेळेत आटपा, नंतर जेवण आहे." तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

नुसतं फ्लॅटमध्ये राहायला आलं म्हणून कोणी सभासद होत नाही, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. अर्ज करावा लागतो, कागदपत्रं तपासली जातात, समितीत ठराव होतो, नोंदवहीत नाव लागतं आणि मग शेअर सर्टिफिकेट हातात पडतं. प्राण्यांचंही काहीसं असंच आहे. एखादा प्राणी लाखो वर्षं तिथेच राहत असतो, फक्त विज्ञानाच्या नोंदवहीत त्याचं नाव लागलेलं नसतं. आपण "नवी प्रजाती सापडली" म्हणतो तेव्हा प्राणी नवा नसतो, नोंद नवी असते.

अशाच एका नोंदीची गोष्ट सांगतो. तिचा नायक आपल्या साताऱ्याचा एक सरडा आहे.

ठोसेघरचा धबधबा पाहून पुढे गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. पवनचक्क्यांमुळे ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. उन्हाळ्यात तिथे एक वीतभर सरडा दगडावर चढून बसतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो, मिटतो. निळा, काळा, केशरी असा तो पंखा! मादीला खूण करायची आणि दुसऱ्या नराला दम द्यायचा, ही दोन्ही कामं त्यानेच होतात.

अशा गळ्याला पंखा असलेल्या सरड्याला १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ क्यूव्हिए यांनी पाँडिचेरीवरून नाव दिलं. पुढे भारतातले असे बहुतेक सगळे सरडे त्याच एका नावाखाली जमा होत गेले. दख्खनमधला सरडा वेगळा आहे, असं १८७० मध्ये जेर्डन यांनी लिहिलं होतं, पण नंतरच्या अभ्यासकांनी तोही जुन्याच खात्यात घातला. बिऱ्हाडं अनेक आणि दारावर पाटी एकच, अशी अवस्था!

२०१६ मध्ये संशोधकांच्या एका गटाने ही पाटी तपासायला घेतली. ठिकठिकाणचे सरडे पाहिले, त्यांची मापं घेतली, खवल्यांची ठेवण पाहिली, पंख्यांचे आकार आणि रंग टिपले, डीएनए जुळवून पाहिला. मोठ्या रंगीत पंख्याचे आपल्याकडचे सरडे ही वेगळीच शाखा निघाली. तिला नवं कुळनाम हवं होतं, आणि त्यांनी ठेवलं चक्क 'सरडा'! जगभरच्या ग्रंथांत आता आपला मराठी शब्द रोमन लिपीत छापला जातो. चाळकेवाडीच्या देखण्या पठ्ठ्याला 'सरडा सुपर्बा' नाव मिळालं, दुसऱ्या एकाला डार्विनचं नाव मिळालं, आणि जेर्डन यांच्या सरड्याला जवळजवळ दीडशे वर्षांनी त्याची स्वतंत्र ओळख परत मिळाली.

या कामाला शिस्त लागते. प्राण्यांच्या नावांचा हिशेब लिनियसच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरतात. नाव देणाऱ्याला वर्णन प्रसिद्ध करावं लागतं आणि एक मूळ नमुना ठरवावा लागतो. तो सहसा संग्रहालयात जपून ठेवतात. पुढे वाद झाला तर तोच काढून पाहायचा, आपण मूळ करारनामा काढतो तसा. आणि आधी रीतसर दिलेलं नाव असेल, तर मान त्या नावाचा.

मंडळी, हा नुसता नावांचा खेळ नाही. २०१८ मध्ये याच पठारावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी खूपच कमी दिसले. त्यामुळे तिथे सरडे वाढले, त्यांची भीती कमी झाली, पण नरांच्या पंख्यांचे रंग फिके पडलेले आढळले. आता विचार करा, हा सरडा अजून पाँडिचेरीच्याच खात्यात असता तर? "तो तर देशभर आहे, त्यात काय एवढं?" असं म्हणून कोणीही फाईल बंद केली असती. स्वतःचं नाव आहे, म्हणून तो कुठे राहतो आणि त्याचं काय चाललंय, याचा हिशेब ठेवता येतो.

पवनचक्क्या नकोत असं मी म्हणत नाही, वीज आपल्यालाही हवी आहे. पण कातळाच्या पठाराला आपण सहज 'पडीक' म्हणून मोकळे होतो. तिथे कोण राहतं हे न विचारताच पडीक! ज्याची नोंद नाही, त्याला वगळायला कोणाची परवानगी लागत नाही.

हे सगळं फक्त रानातच घडतं असंही नाही. २०२१ मध्ये ठाणे परिसरातल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याची नवी प्रजाती म्हणून नोंद झाली. संशोधकांनी तिला २६/११ च्या हल्ल्यात दहशतवाद्याला जिवंत धरून ठेवताना प्राण देणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं. एवढासा कोळी, पण केवढी आठवण वाहतोय!

शेवटी समितीपुढे एक सूचना ठेवतो. आपल्याकडे सभासदांची, पाहुण्यांची, गाड्यांची, सगळ्यांची नोंदवही आहे. आणखी एक सुरू करू या, आवारातल्या पक्ष्यांची, फुलपाखरांची, कोळ्यांची, झाडांची. बालमित्रांनो, हे काम तुमचं. काही पकडायचं नाही, मारायचं नाही. फोटो काढायचा, तारीख, जागा आणि दिसलं ते लिहायचं. नाव माहीत नसेल तर जागा कोरी ठेवायची, ती जाणकाराला विचारून भरता येईल. नवी प्रजाती सापडेलच असं नाही. पण पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव होईल, तेव्हा इथे कोण कोण राहत होतं आणि कोण निघून गेलं, हे त्या वहीत वाचता येईल.

रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा. जेवण तयार आहे असं कळतंय, तेव्हा इथेच थांबतो.